दारापासून चौथी

लाकूड आधी चार दिवस नुसतं पडू दिलं.
ग्रँट रोड, तिसरा मजला, गठ्ठे सोडून
पट्ट्यांवर आडवं रचलेलं, खिडक्या उघड्या.
ओक हे आमच्यासाठी आजवर आडनाव होतं.
आता ते पाऊण इंच जाडीचं, टोरांटोच्या पुतण्यानं पसंत केलेलं.
"काम कवा सुरू?" रोदाबाई रोज विचारायच्या.
"सुरू आहे," आप्पा म्हणायचे,
"त्याला आधी इथली हवा पिऊ दे.
तहानलेलं लाकूड ठोकलं की पुढं त्रास देतं."

पाचव्या दिवशी लिनोलियम सोललं.
खाली बर्मी सागाच्या फळ्या, वीतभर रुंद,
फळ्यांखाली तुळया,
तुळयांखाली सिधवांचं छत,
त्यांचा पंखा, त्यांची दुपारची झोप.

गुडघे गेल्यापासून आप्पा स्टुलावर बसतात
आणि मी चालते.
"टाचेवर जोर दे. अजून. मागं ये. तिथंच."
डोळे मिटलेले. कान जमिनीत.
मी खडूनं फुली मारते.
सतरा फुल्या झाल्या.
फुलीवर स्क्रू, तुळईत दोन इंच खोल,
शेवटच्या फेऱ्याला फळी दबते
आणि तिचं बोलणं बंद.

सोळा मुक्या केल्या.
सतरावी दारापासून चौथी.
मी ड्रिल टेकवलं, तशा रोदाबाई ट्रे घेऊन मध्येच उभ्या.
"ही नको."

कपात चमचे वाजत होते.
"गुलूला शेवटी दिसत नव्हता काही. रातना उठायची,
भिंत धरून बाथरूमला जायची.
ही फळी बोलली की मला समजे, बेन उठली.
मग मी बत्ती लावते."

आंधळ्या बहिणीसाठी बत्ती.
मी ड्रिलची वायर गुंडाळत बसले, गरज नसताना.

आप्पा.
चाळीस वर्षं लोकांच्या घरातले आवाज मारून पोट भरलेला माणूस.
"बाई, वर डांबरी कागद येणार, कागदावर ओक,
नर-मादी एकमेकांत घट्ट, खिळे तिरपे.
खालचं वर ऐकू येईलच, असं नाही."
"नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "चा ठंडी थाय."

मग सूत धरलं. निळी रेघ उमटली.
तुळयांना आडवी पहिली ओळ,
भिंतीपासून अर्धा इंच सोडून.
जुलैत लाकूड फुगतं, जागा दिली नाही तर
जमीन मधोमध उठून बसते.
"फुगायला जागा ठेवावी माणसानं,"
हे आप्पा आईबद्दलही म्हणतात, ती घरात नसली की.
भिंतीजवळ बंदूक बसत नाही,
तिथल्या दोन ओळी हातोडीनं. अंगठा एकदा. रक्त थोडं, ओकवर डाग नाही.
सांध्यासमोर सांधा येऊ द्यायचा नाही.
लांब, आखूड, लांब, मधली, परत आखूड,
चौथ्या फळीवर पोचलो तेव्हा मी थांबले.
आप्पा खिडकीबाहेर कबुतरं बघत होते.
मी कागद अंथरला.

आठ दिवस लागले. शेवटची ओळ चिरून बसवली,
भिंतीची फट पट्टीखाली गेली.
मी दारापासून चालले, टाचेवर जोर देऊन, चारदा.
काही नाही. कागदावर हात फिरवावा तसं काही नाही.
रोदाबाई सोफ्यावरून माझ्या पायांकडे बघत होत्या.
"जानेवारीत," आप्पा म्हणाले, "आक्रसलं की बघू."

बिलात मी लिहिलं:
आवाज काढणे, सोळा ठिकाणी.
आप्पांनी पेन मागितलं, खाली लिहिलं:
आवाज काढणे, एक ठिकाणी. फुकट.

तरी पॉलिशला अजून दोन दिवस यावं लागलं.
परतताना दुसऱ्या मजल्यावर सिधवांनी दार उघडलं,
सदरा-लेंगा, हातात पेपर.
"तुमी सगळा गप केला, फस्क्लास.
पण दाराकडे रातना एक कुरकुरते अजून, आमच्या डोक्यावर.
राहून गेली काय?"

आप्पांचा एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर.
पुढची पायरी त्यांनी पायानं चाचपली.
"हो," म्हणाले, "राहिली."